माउली कुणाला म्हणावे?



वारीत आपण समोरच्याला आधी नाव विचारत नाही. पाय दिसले की वाकतो. तो वयाने लहान असो की मोठा, कुठल्या गावचा, कुठल्या फडाचा असो, आपण त्याला माउली म्हणतो आणि तोही आपल्या पायांवर डोके ठेवतो. ही रीत अंगवळणी पडली आहे, इतकी की तिचा अर्थ काय हे आपण स्वतःला विचारत नाही. मला तो प्रश्न पंढरीच्या वाटेवर पडला नाही. तो पडला इथे खेडमध्ये, आमच्या आळीतल्या विठ्ठलमंदिराच्या ओट्यावर.

२०१९ सालचा एप्रिल, तारीख २१, रविवार. ख्रिस्ती मंडळींचा ईस्टरचा सण, येशू मरणातून उठला त्या आनंदाचा दिवस. त्या सकाळी श्रीलंकेत तीन चर्चमध्ये आणि काही हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले. अडीचशेहून अधिक माणसे गेली. संध्याकाळी आमचा हरिपाठ झाला, आरती झाली, आणि प्रसाद हातात घेऊन ओट्यावर टेकल्यावर विषय निघालाच. आमची मंडळी सज्जन आहे, एकादशी चुकवत नाही. एकजण म्हणाला, "फार वाईट झाले." दुसऱ्याने लगेच जोड दिली, "वाईट झाले खरे, पण यांनी तरी गोव्यात आपल्या लोकांचे काय कमी हाल केले?" मग दोनतीन माना हलल्या. त्यांत माझीही होती. मी शाळेत इतिहास शिकवलेला माणूस, म्हणून माझ्या मान हलवण्याला वजन. मी "खरे आहे" असेही म्हणालो.

तेवढ्यात खांबाला टेकून बसलेल्या एका काकींनी विचारले, "लहान पोरं पण होती काय हो त्यात, गुरुजी?"

मी म्हणालो, "असतील." नंतर वाचले, बट्टिकलोआच्या चर्चमध्ये रविवारच्या शाळेला आलेली मुले गेली होती. काकी पुढे काही बोलल्या नाहीत. हातातला प्रसाद त्यांनी खाल्ला नाही, पदराच्या टोकाला बांधला आणि उठून गेल्या.

त्या रात्री मला माझे "खरे आहे" टोचू लागले. बोललो त्यात खोटे काही नव्हते. मग टोचले काय? याचा शोध घेताना मी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' मिळवून वाचले. या भाषांतराला २०१३ सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला होता, एवढेच तोवर मला माहीत होते. त्यातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात एक दृष्टांत आहे. तो मी तुम्हाला माझ्या शब्दांत सांगतो. कीर्तनात आपण दृष्टांत ऐकतो तसाच ऐका.

एक धर्मपंडित येशूकडे येतो. शाश्वत जीवन मिळावे म्हणून काय करू, असे विचारतो. येशू त्यालाच उलट विचारतो, शास्त्र काय सांगते? पंडित चोख उत्तर देतो: देवावर सर्वस्वाने प्रेम करावे आणि शेजाऱ्यावर स्वतःइतके करावे. बरोबर, तसे कर म्हणजे झाले, असे येशू म्हणतो. विषय तिथे संपायला हवा होता. पण पंडित पुढे विचारतो, माझा शेजारी कोण? हा प्रश्न नीट पाहा. त्याला प्रेमाची हद्द आखून हवी आहे. मोजणीदार बोलावून खुंटा मारून घ्यावा, म्हणजे अलीकडचे आपले आणि पलीकडच्याशी देणेघेणे नाही. कोकणातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. हातभर बांधापायी आमच्याकडे तीनतीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

येशू उत्तर देत नाही, गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोला एक माणूस चालला होता. ही वाट म्हणजे घाटच. पंचवीसेक किलोमीटरांत हजारभर मीटरांचा उतार, दोन्ही अंगांना उघडे डोंगर आणि चोरांना दबा धरायला कपारी. आमच्या कशेडी घाटाची आठवण व्हावी, फक्त झाडी वजा करून. चोरांनी त्याला लुटले, कपडेसुद्धा काढून घेतले, मारून अर्धमेला टाकला आणि गेले. त्या वाटेने एक याजक आला, म्हणजे मंदिरातला पुरोहित. त्याने पाहिले आणि तो रस्त्याच्या दुसऱ्या कडेने निघून गेला. मग लेवी आला, हाही मंदिराच्या सेवेतला. त्यानेही तेच केले. मग आला एक शोमरोनी. यहुदी ज्याला पाखंडी मानत, ज्याच्या हातचे घेत नसत, असा. त्याला कळवळा आला. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवले, उताराच्या जागी नेले आणि रात्रभर सांभाळले. सकाळी धर्मशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि सांगितले, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन.

मग येशू पंडिताला विचारतो, या तिघांपैकी त्या जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला? पंडिताच्या तोंडून "शोमरोनी" हा शब्द निघत नाही. ज्याने दया केली तो, असे तो म्हणतो. जा, तूही तसेच कर, एवढे सांगून येशू थांबतो.

आता याजक आणि लेवी का थांबले नाहीत? गोष्टीत कारण दिलेले नाही. टीकाकारांनी अनेक कारणे सुचवली आहेत. त्यांतले एक आपल्याला चटकन कळेल. याजकाने प्रेताला शिवू नये असा त्यांच्यात नियम होता, आणि हा माणूस मेलेला असला तर? म्हणजे सोवळे आड आले. नाथांचे चरित्र ऐकलेल्या माणसाला इथे थांबावेच लागते. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघालेले एकनाथ महाराज वाटेत तहानेने तडफडणारे गाढव पाहतात आणि देवासाठी आणलेले पाणी त्याच्या तोंडात ओततात. पैठणच्या तापल्या वाळवंटात आई चुकलेले पोर दिसते, समाजाने शिवू नये म्हणून ठरवलेल्या घरातले. नाथ ते कडेवर घेतात. नाथ स्वतः सोवळ्यातले, स्नानाला निघालेले. त्यांच्या पायाखालची वाळू त्यांनाही भाजतच होती. त्या याजकाच्या जागी नाथ असते तर काय झाले असते, हे कोणत्याही वारकऱ्याच्या पोराला विचारा, तो सांगेल.

पण आपण नाथ नाही. मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी कार्तिकीला आम्ही सातआठ जण जीपने निघालो. चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडमार्गे पंढरपूर हा आमचा नेहमीचा रस्ता. पहाटेची वेळ, गाडीत हरिपाठ चाललेला. घाटात एका वळणावर मोटारसायकल आडवी पडलेली दिसली आणि कठड्याशी एक माणूस. चालकाने वेग कमी केला. मागून कुणीतरी म्हणाले, "दोघेतिघे थांबलेत तिथे, बघतील ते. पोलिसांचे झंझट नको मागे, दशमीचे कीर्तन चुकेल." माझ्या हातात टाळ होते. ते थांबले नाहीत. पुढच्या वळणावर मी मागे पाहिले. थांबलेली दिसलेली माणसे आपल्या गाडीत बसून आमच्या मागोमाग येत होती.

त्या माणसाचे काय झाले हे मला आजवर कळलेले नाही. तो कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, तेही माहीत नाही. आम्ही कीर्तनाला वेळेवर पोहोचलो.

हे आधी सांगितले, कारण पुढचे बोलताना मी शोमरोन्याच्या जागेवरून बोलत नाही.

ख्रिस्ती धर्माच्या जुन्या आचार्यांनी, संत ऑगस्टीन यांच्यासारख्यांनी, या दृष्टांतात शोमरोन्याच्या जागी खुद्द ख्रिस्त पाहिला. जखमी म्हणजे पतित मानवजात आणि धर्मशाळा म्हणजे चर्च, असा अर्थ लावला. पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये काढलेल्या विश्वपत्राचा एक अख्खा अध्याय याच गोष्टीला दिला आहे. त्यांचा रोख असा की आपल्या प्रत्येकात थोडा जखमी, थोडा चोर, थोडा वाट काढून जाणारा आणि थोडा शोमरोनी असतो. हे सगळे मला पटते. पण मला अडवून धरले ते दुसऱ्याच गोष्टीने. ती दृष्टांतात नाही, दृष्टांताच्या मागे इतिहासात आहे.

शोमरोनी लोकांचे स्वतःचे मंदिर होते, गरिज्जीम डोंगरावर. येशूच्या जन्माआधी शंभराहून अधिक वर्षे हिर्कानस नावाच्या यहुदी राज्यकर्त्याने ते पाडले. यहुदी बाजूचीही तक्रार होती. येशूच्या लहानपणीच्या काळात काही शोमरोन्यांनी यरुशलेमच्या मंदिरात हाडे टाकून ते विटाळले, असे यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो. म्हणजे घाटात पडलेला माणूस ज्या समाजाचा, त्या समाजाने या शोमरोन्याच्या देवाचे घर जमीनदोस्त केले होते. आमच्या ओट्यावरचे वाक्य त्यालाही बोलता आले असते, आणि ते खरेच ठरले असते: यांनी तरी आमच्या देवळाचे काय केले?

आणखी एक. याच शुभवर्तमानाच्या आधीच्या, नवव्या अध्यायात येशू आणि शिष्य एका शोमरोनी गावाशी येतात आणि गाव त्यांना उतरू देत नाही. ते यरुशलेमला निघालेत, एवढ्याच कारणाने. याकोब आणि योहान हे शिष्य संतापून विचारतात, आकाशातून अग्नी मागवून या गावाची राख करू का? येशू त्यांना दटावतो आणि दुसऱ्या गावाची वाट धरतो. ज्यांनी रात्रीचा आसरा नाकारला, त्यांच्यातलाच एक पुढच्या अध्यायात तो दयेचा आदर्श म्हणून उभा करतो. आपल्यावर दार लावणाऱ्याबद्दल असे बोलायला काळीज केवढे लागत असेल!

आता गोव्याकडे वळू, कारण तो प्रश्न झाकून पुढे जाणे हा लबाडपणा होईल. पोर्तुगीज राजवटीने तिसवाडी, बारदेश आणि साष्टीतली देवळे पाडली. मंगेश कुशस्थळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून हलवावी लागली. आज फोंड्याच्या बाजूला आपण ज्या देवळांत माथा टेकतो, त्यांतले अनेक देव निर्वासित म्हणून तिथे आलेले आहेत. १५६० साली बसलेले इन्क्विझिशनचे न्यायालय मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चालले. पण त्याच्या तुरुंगात जास्त कोण गेले? नव्याने ख्रिस्ती झालेलेच. घरात जुनी चालरीत पाळली, जुने सणवार सोडले नाहीत, म्हणून. तेव्हा आज गोव्यातल्या एखाद्या ख्रिस्ती माणसाकडे बोट दाखवून आपण "यांनी" म्हणतो, तेव्हा त्याचे खापरपणजोबा त्या कोठडीच्या कुठल्या बाजूला होते याचा आपण विचारच केलेला नसतो.

साष्टीतल्या कुंकळ्ळी गावची हकीकत तर दोन्ही बाजूंनी काळीज कापणारी आहे. गावातली देवळे पाडली गेली होती. गावकरांनी पोर्तुगीजांना कर देण्याचे नाकारले होते. १५८३ च्या जुलैत चर्चसाठी जागा पाहायला पाच जेझुइट धर्मसेवक काही ख्रिस्ती माणसांना घेऊन तिथे आले. चिडलेल्या गावाने त्यांना ठार केले. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या नायकांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि मारून टाकले. एकजण तेवढा नदीत उडी टाकून निसटला, असे सांगतात. देवी शांतादुर्गा फातर्प्याला गेली. चर्चने त्या पाच जणांना १८९३ साली 'धन्य' घोषित केले. गावकरांचे स्मारक कुंकळ्ळीत उभे राहायला पुष्कळ उशीर झाला.

यातला घाटात पडलेला माणूस कोणता, हे मला कुणी सांगावे. निःशस्त्र आलेले पाच जण? की बोलणीच्या शब्दावर विसंबून किल्ल्यात शिरलेले नायक? एकाच्या रक्तासाठी रडायचे तर दुसऱ्याचे विसरावे लागते, असा नियम कुणी घातला? फातर्प्याहून देवीची मिरवणूक वर्षातून एकदा रंगीत छत्र्या नाचवीत कुंकळ्ळीला जुन्या जागी येते, आणि तिच्यात गावकर घराण्यांतली हिंदू माणसे असतात तशी ख्रिस्तीही असतात. देवीने कुणाकुणाला ओळख दिली आणि कुणाला नाही, हे देवीला ठाऊक.

हिशेब काढायला बसले की तो चुकत नाही, म्हणूनच तो भयंकर. ओडिशातल्या कंधमाळ जिल्ह्यात २००८ च्या जन्माष्टमीच्या रात्री स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती या वृद्ध संन्याशाची आश्रमात घुसून हत्या झाली. कृष्णजन्माच्या रात्री एका वयोवृद्ध साधूला गोळ्या घालाव्यात, याचा संताप कुणाला येणार नाही? हत्या आपण केल्याचे माओवाद्यांनी सांगितले. पण हिशेब मांडला गेला तो खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती माणसांच्या नावे. घरे आणि चर्च जाळली गेली, माणसे मारली गेली, हजारो जण जंगलात पळाले आणि नंतर महिनोन्‌महिने छावण्यांत राहिले. त्यांत बहुतेक गरीब, मोलमजुरी करणारे. आपण तेव्हा काय म्हणालो ते आठवून पाहा. मी आठवून पाहिले. स्वामीजींसाठी मला दुःख झाले होते, आणि ते योग्यच होते. जळालेल्या घरांची बातमी मी उलटून पान पुढे नेले होते.

तेव्हा मला माझे टोचणे कळले. याजकाला आडवे आले ते विटाळाचे सोवळे. आपल्याला आडवे येते ते हिशेबाचे. जखमी दिसला की आपण आधी वही उघडतो. वहीत शंभर, चारशे वर्षांपूर्वीचे कर्ज सापडते, आणि मग रस्त्याच्या दुसऱ्या कडेने जायला मन मोकळे होते. त्यात आपण पापी ठरत नाही, उलट इतिहासाची जाण असलेले ठरतो. मी तर मास्तर होतो.

तुमच्यातले काही जण इथे म्हणतील, गुरुजी, धर्मांतराचे काय? सेवा करायची आणि त्या आडून माणूस ओढायचा, हे होत नाही का? होत असेल तिथे ते वाईटच, आणि ते वाईट आहे हे याच दृष्टांतावरून दाखवता येते. शोमरोन्याने त्या यहुद्याला गरिज्जीमच्या डोंगराला नमस्कार करायला लावले नाही. तेल, पट्ट्या, जनावर, दोन दिनार, आणि वर परत येण्याचा शब्द. बदल्यात काही नाही. ख्रिस्ती सेवेकऱ्याने स्वतःला तपासावे तर याच मापाने तपासावे. पण सेवेत कपट असेल अशा नुसत्या शंकेवरून कुणाचे छप्पर पेटवायचे, हे कुठल्या धर्माचे माप? आणि शिक्षा तरी कुणाला? चोरांचा माग काढणे, त्यांना धरणे हे राज्यकर्त्यांचे काम. ते झालेच पाहिजे, मग चोर कुणीही असोत. जखमीला उचलण्यासाठी मात्र त्या निकालाची वाट पाहायची नसते.

ही गोष्ट ओडिशाची किंवा लंकेची म्हणून लांब ठेवता येत नाही. ज्यांचे बायबल मी वाचत होतो ते फादर दिब्रिटो वसईचे. मराठीतून उपासना करणाऱ्या, मराठीतून भांडणाऱ्या, मराठीतूनच लग्नाची गाणी म्हणणाऱ्या समाजातले. 'सुवार्ता' मासिक त्यांनी अनेक वर्षे चालवले, वसईच्या हिरवाईसाठी लोकांना घेऊन ते रस्त्यावर उतरले. २०१९ साली ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी त्यांचे नाव जाहीर झाले आणि विरोध सुरू झाला. धमक्यांचे फोन गेले. त्यांच्या एखाद्या पुस्तकावर आक्षेप असता तर ती वाङ्मयाची गोष्ट झाली असती. आक्षेप झग्यावर होता. २०२० च्या जानेवारीत संमेलन पोलिसांच्या बंदोबस्तात भरले. आणि भरले कुठे? उस्मानाबादला, गोरोबाकाकांच्या तेरच्या जिल्ह्यात! ज्या गोरोबांच्या अंगणात संतमंडळींची डोकी थापटण्याने तपासली गेली, त्या मातीत एका मराठी लेखकाला बंदोबस्त लागला. २०२४ च्या जुलैत दिब्रिटो गेले. त्यांच्या शब्दांतून मला हा दृष्टांत कळला, आणि त्यांच्या हयातीत मी त्यांना एक पत्रही टाकले नाही.

आमच्या जिल्ह्याचेच आणखी एक नाव या ओघात येते. रेव्हरंड ना. वा. टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मले. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर फाटले, आप्त तुटले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. आपल्याला ते आवडो न आवडो, पूल आपला होता. लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' वाचताना मराठी माणूस हसतो आणि रडतो, तेव्हा ही बाई आता कुठल्या धर्माची, असे तो मध्येच थांबून विचारत नाही. पुस्तकासमोर जे जमते ते माणसासमोर का जमू नये?

आपला संप्रदाय छळातूनच उभा राहिला आहे, हे आपण किती सहज विसरतो. संन्याशाची पोरे म्हणून आळंदीत ज्ञानोबा आणि त्यांच्या भावंडांना वाळीत टाकले. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या. चोखोबांना महाद्वाराच्या आत येऊ दिले नाही. यांतल्या कुणीही हिशेबाची वही मागे ठेवली नाही. ज्ञानोबांनी पसायदानात मागितले काय? दुष्टांचा नाश मागायचा हक्क त्यांना असेल तर कुणाला होता? त्यांनी मागितले की दुष्टांचे वाकडेपण जावे. आणि ज्याला जे हवे ते त्याला मिळावे, हे मागताना कुठल्या गावाचे, कुळाचे, पंथाचे नाव घातले नाही. आम्ही ते रोज म्हणतो. त्या ईस्टरच्या संध्याकाळीही ओट्यावर बसायच्या पाच मिनिटे आधी आम्ही ते म्हटले होते.

खेडकरांना १९ मार्च २०१३ ची पहाट आठवत असेल. गोव्याहून मुंबईला निघालेली बस जगबुडीच्या पुलावरून नदीपात्रात कोसळली. ३७ जणांचा जीव गेला. पोलीस धावले, आसपासची माणसे धावली. त्या अंधारात, त्या चेंदामेंदा झालेल्या पत्र्यातून हात बाहेर काढताना गळ्यात क्रूस आहे की तुळशीची माळ, हे कुणी चाचपले नसेल. गोवा आणि हिशेब हे दोन शब्द तिथे कुणाच्या तोंडी आले नाहीत. मग ओट्यावर, उजेडात, पोटात प्रसाद असताना ते का यावेत?

अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसांचा त्रास होऊ नये म्हणून आपल्या देशात आता कायदा आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात तसे कलम घातले गेले. त्या कलमात मदत करणाऱ्याला नाव दिले आहे 'गुड समरिटन', म्हणजे भला शोमरोनी. कुंभार्ली घाटात आमच्यातल्या एकाने पोलिसांचे कारण काढले होते. आता तेही कारण उरलेले नाही.

मागल्या चातुर्मासात मी हा दृष्टांत मंदिरात सांगितला, थोडा भीतभीतच. एकदोघे अस्वस्थ झाले, ते त्यांनी मला नंतर बाजूला घेऊन सांगितले. मीही ऐकून घेतले. काकी खांबालाच टेकून बसल्या होत्या. सगळे उठल्यावर त्या म्हणाल्या, "गुरुजी, तो पडलेला माणूस मग बरा झाला काय?"

मी म्हणालो, "काकी, ते पुस्तकात लिहिलेले नाही."

काकींनी जरा विचार केला. "झाला असंल," त्या म्हणाल्या. "आणि तो परत आला काय हो, उरलेले पैसे द्यायला?"

तेही लिहिलेले नाही, असे मी सांगितले. काकींना ते काही फारसे पटले नाही. देवळाच्या पायऱ्या उतरता उतरता त्या सुनेला सांगत होत्या की आलाच असणार, शब्द दिला होता त्याने.